कमी प्रसिद्ध युरोपीय वाइन कशी निवडावी, कशी चाखावी

नाशिककरांना शेनिन ब्लां या द्राक्षाच्या पांढऱ्या वाइनची चव परिचयाची असल्याने सुरुवात त्याच द्राक्षाच्या मूळ प्रदेशातून, म्हणजे फ्रान्समधील ल्वार नदीच्या खोऱ्यातील वूव्रे या गावच्या वाइनपासून करावी. स्थानिक बाटलीशेजारी ठेवून ती चाखली, की थंड हवामानामुळे वाढलेला आंबटपणा जिभेला लगेच जाणवतो. शॅम्पेनच्या नावाचे पैसे मोजण्यापेक्षा स्पेनची कावा ही फेसाळ वाइन घ्यावी, कारण शॅम्पेनसारखेच तिचेही फेस आणणारे दुसरे किण्वन (आंबवण) बाटलीतच होते. रेडमध्ये पोर्तुगालच्या दाओ प्रदेशाची वाइन किंवा स्पेनमधील बिएर्थो प्रदेशाची, मेन्सिया द्राक्षाची वाइन शोधावी.

ग्लास एक तृतीयांशच भरावा, पांढऱ्या कागदापुढे तिरका धरून रंग पाहावा, मग ग्लास हलकेच फिरवून वास घ्यावा आणि घोट क्षणभर तोंडात घोळवावा. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आल्यास तो बुचाचा दोष समजावा. रेड 'खोलीच्या तापमानाला' प्यावी हा युरोपीय सल्ला नाशिकच्या एप्रिलमध्ये निरुपयोगी आहे. बाटली पंधरा मिनिटे बर्फाच्या पाण्यात ठेवून साधारण १६ अंशांवर आणावी.

मिसळीसोबत मात्र तुरट रेड टाळावी, कारण तिच्यामुळे तर्रीचा तिखटपणा अधिकच झोंबतो; त्यापेक्षा लेबलवर 'दमी-सेक' लिहिलेली किंचित गोडसर वूव्रे चांगली.