इटालियनमधले मी, तू, तो: कधी बोलायचे आणि कधी सरळ गाळायचे

पहिल्याच धड्यात यादी येते, ती आधी उरकून टाकू. ईओ म्हणजे मी, तू म्हणजे तूच (अर्थ तोच, उच्चारही तोच, एक शब्द फुकटात पाठ झाला), लुई म्हणजे तो, लेई म्हणजे ती, नोई म्हणजे आम्ही पण आणि आपण पण, वोई म्हणजे तुम्ही सगळे, लोरो म्हणजे ते किंवा त्या. जुन्या पुस्तकांत तो साठी एल्यी आणि ती साठी एल्ला दिसतं, ते फक्त ओळखता आलं तरी बास, बोलताना कोणी वापरत नाही.

आता गंमत अशी की एवढं पाठ करून झाल्यावर यातलं बरंचसं बोलायचंच नसतं! आपण 'उद्या येतेस का?' विचारतो तेव्हा 'तू' कुठे म्हणतो, क्रियापदावरूनच कळतं ना, तसंच इथे. बोलणे हे क्रियापद घ्या: पार्लो, पार्ली, पार्ला, पार्ल्यामो, पार्लाते, पार्लानो. सहा कर्ते, सहा वेगळी रूपं, त्यामुळे नुसतं पार्लो म्हटलं की 'मी बोलतो' किंवा 'बोलते' झालंच. इंग्रजीच्या सवयीने प्रत्येक वाक्याला ईओ ईओ लावलं तर चूक नाही, पण ऐकणाऱ्याला वाटतं हा माणूस सारखा 'मीच, मीच' करतोय. आणि पाऊस पडतोय म्हणायला नुसतं प्योवे, पुढे काहीही लावायचं नाही.

मग लावायचं कधी? जिथे मराठीत 'मात्र', 'च' किंवा 'पण' येईल तिथे. मी अभ्यास करतोय आणि तो मात्र झोपलाय: ईओ स्तूद्यो, लुई दोर्मे. मी पण: आंकीओ. आणि 'मीच देतो पैसे' म्हणायचं असेल तर ईओ उचलून मागे टाका, पागो ईओ. दारावर कोण आहे विचारलं तर उत्तर सोनो ईओ. बाय द वे सोनो म्हणजे 'मी आहे' आणि 'ते आहेत' दोन्ही, संदर्भावरून कळलं नाही तर तिथे कर्ता बोलावाच लागतो.

आपल्यासाठी खरा खड्डा आदराचा आहे. आपण मोठ्यांना तुम्ही म्हणतो म्हणून हात आपोआप वोईकडे जातो, पण एका अनोळखी माणसाला आदराने बोलायचं तर लेई म्हणतात, हो तोच 'ती' वाला शब्द, समोर पुरुष असला तरी, आणि क्रियापदही तृतीयपुरुषी एकवचनी. म्हणजे मित्राला कोमे स्ताई (कसा आहेस?), डॉक्टरांना कोमे स्ता (कसे आहात?). 1938 मध्ये मुसोलिनीच्या सरकारने लेई बंद करून वोई लादायचा प्रयत्न केला होता, तो काही टिकला नाही. दक्षिण इटलीत मात्र मोठ्यांना वोई म्हणणारे अजून भेटतात, पण नवशिक्याने लेईच धरून ठेवावं, आणि समोरच्याने स्वतःहून 'तू'वर या म्हटलं की मगच यावं.

प्रॅक्टिस म्हणून स्वतःबद्दल दहा वाक्यं ईओ लावून लिहा आणि मग एकेक ईओ खोडत जा, जिथे खोडल्यावर 'मीच' मधला 'च' हरवल्यासारखा वाटेल तिथला तेवढा राहू द्या.