क्यूपीसीआरच्या नोंदी: दुसऱ्यालाही तोच प्रयोग करता यावा म्हणून

परभणी, लातूर, नांदेडकडे कापूस, तूर, सोयाबीनच्या नमुन्यांवर क्यूपीसीआर (डीएनए चक्राचक्राने वाढवत त्याचे प्रमाण मोजण्याची चाचणी) करणाऱ्यांसाठी हे आहे. सीटी म्हणजे कितव्या चक्राला नमुन्याची चमक ठरावीक पातळी (थ्रेशोल्ड) ओलांडते तो आकडा. नुसत्या सीटीच्या आकड्यांवरून प्रयोग पुन्हा करता येत नाही. थ्रेशोल्ड जरा हलवला की सगळे सीटी बदलतात. म्हणून यंत्राची रन-फाईल हीच मूळ नोंद. ती रीड-ओन्ली करून ठेवा आणि विश्लेषण तिच्या प्रतीवरच करा. फाईलच्या नावात आधी वर्ष-महिना-दिवस, मग यंत्र, मग प्लेट क्रमांक; रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता.

तक्त्यात एका वेलला (प्लेटमधल्या एका खळग्याला) एक ओळ. ९६ वेलच्या प्लेटला ९६ ओळी, रिकाम्या वेलसुद्धा. रकाने असे: प्लेट, वेल, नमुना क्रमांक, जीन, प्रकार (नमुना, स्टँडर्ड, एनटीसी, नो-आरटी), रेप्लिकेट, सीटी, मेल्ट तापमान, शेरा. स्टँडर्ड म्हणजे ज्ञात प्रमाणाचा नमुना, एनटीसी म्हणजे डीएनए न घातलेली वेल, नो-आरटी म्हणजे आरएनएचे डीएनए करणारे एन्झाइम न घातलेली वेल, रेप्लिकेट म्हणजे त्याच नमुन्याची पुनरावृत्ती, मेल्ट तापमान म्हणजे डीएनएचे दोन धागे सुटे होतात ते तापमान. खराब वेल पिवळी रंगवू नका; सीएसव्ही (नुसत्या मजकुराची तक्ता-फाईल) केली की रंग जातो. कारण शेऱ्यात लिहा, ओळ पुसू नका.

'अनडिटरमाइन्ड'च्या (सीटी मिळालाच नाही, याच्या) जागी ० किंवा शेवटच्या चक्राचा ४० भरणे ही सर्वांत घातक सवय. शून्याने सरासरी कोसळते आणि ४० हा मोजलेला आकडाच नसतो. रकाना रिकामा सोडा, शेरा लिहा.

एक्सेलपासून सावध राहा. नमुन्याचे नाव दोन-ई-पाच (2E5) असेल तर एक्सेल त्याचे २,००,००० करते. सेप्ट, मार्च या जीन-नावांच्या तारखा होत, म्हणून २०२० मध्ये मानवी जीनची ती नावेच बदलावी लागली. सीएसव्ही डबल-क्लिकने उघडू नका. इम्पोर्ट करून नमुना आणि जीनचे रकाने 'टेक्स्ट' ठरवा.

प्रत्येक प्लेटसोबत प्रायमरचा (डीएनएची प्रत सुरू करणाऱ्या छोट्या तुकड्याचा) पूर्ण क्रम आणि अंतिम तीव्रता, रिअॅक्शनचे आकारमान, मास्टर मिक्सचा (तयार अभिक्रिया-मिश्रणाचा) लॉट, तापमान-चक्र आणि स्टँडर्ड कर्व्हचा (स्टँडर्डचे प्रमाण आणि सीटी यांच्या आलेखाचा) उतार लिहा. उतार −३.३२ म्हणजे कार्यक्षमता १००%, म्हणजे दर चक्राला डीएनए दुप्पट. ९० ते ११०% चालते.

कापसाच्या पानांत पॉलिफेनॉल आणि पॉलिसॅकराइड भरपूर, म्हणून २६०/२८० सोबत २६०/२३० हवेच (ही प्रकाशशोषणावरून नमुन्याची शुद्धता सांगणारी गुणोत्तरे). नमुना दहापट विरळ केल्यावर सीटी साधारण ३.३ ने वाढायला हवा. वाढ बरीच कमी असेल तर इनहिबिटर (अभिक्रिया रोखणारा पदार्थ) आहे असे समजा. तेही तक्त्यात नोंदवा.

रन चालू असताना लाईट गेली आणि यूपीएसने साथ दिली नाही, तर कितव्या सायकलला थांबले ते लिहून प्लेट बाद करा. अर्धवट फाईल मात्र जपून ठेवा, नव्या रनला नवा प्लेट क्रमांक द्या.