घरच्या नॅससाठी नवं सर्व्हर हार्डवेअर कसं निवडायचं: सुरुवात डिस्कपासून करा

घरी नॅस, म्हणजे घरातल्या सगळ्यांना नेटवर्कवरून वापरता येईल असं फाइली ठेवायचं मशीन, बांधायचं ठरलं की बहुतेक जण आधी प्रोसेसर शोधायला बसतात, कोर किती, स्पीड किती, आणि डिस्कचं बघू नंतर. मी म्हणेन उलटं करा. नुसत्या फाइली ठेवायला आणि घरात वाटायला प्रोसेसर फार लागतच नाही, पैसे जायला हवेत ते डिस्कवर, रॅमवर आणि बोर्डवर, कारण वर्षानुवर्षं डेटा शाबूत राहतो तो त्यांच्या जिवावर.

पायरी १: जागेचा हिशोब
आत्ता डेटा किती आहे आणि वर्षाला किती वाढतो ते खरंच मोजा, फोनमधले फोटो-व्हिडिओ धरून, आणि पुढच्या पाच वर्षांचा अंदाज काढा. समजा ८ टीबीच्या ६ डिस्क झेडएफएस या डेटा मांडणाऱ्या आणि तपासणाऱ्या फाइल सिस्टिमच्या रेडझेड२ रचनेत लावल्या, म्हणजे कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचतो, तर वापरायला उरते ४ डिस्कची जागा. ती ३२ टीबी स्क्रीनवर २९ च्या आसपासच दिसते, कारण डिस्कवाले १००० ने मोजतात आणि कॉम्प्युटर १०२४ ने. त्यात झेडएफएस ८० टक्क्यांच्या पुढे भरू नये म्हणतात, म्हणजे कामाचे २३ धरा.

पायरी २: डिस्क
सीएमआरच घ्या, म्हणजे ज्यात ट्रॅक एकमेकांवर न चढता शेजारी-शेजारी असतात त्या. एसएमआर डिस्कमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे मधलं काही बदलायचं तर पुढचंही परत लिहावं लागतं, आणि बिघडलेली डिस्क बदलून रिबिल्ड, म्हणजे तिच्यावरचा डेटा नव्या डिस्कवर परत उभा करणं, चालू असताना ते फार महागात पडतं. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या काही डिस्क न सांगता एसएमआर निघाल्या होत्या, मग सीएमआरवाल्यांना रेड प्लस हे वेगळं नाव मिळालं. म्हणून खोक्यावरच्या नावावर जाऊ नका, मॉडेल नंबर घेऊन डेटाशीट वाचा.

पायरी ३: बोर्ड, प्रोसेसर आणि ईसीसी रॅम एकत्रच ठरवा
इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. ईसीसी रॅम एका बिटची चूक तिथल्या तिथे सुधारते आणि दोन बिटची पकडते, आणि रॅममध्येच बिघडलेला डेटा डिस्कवर गेला तर झेडएफएसचा चेकसम, म्हणजे डेटा बदलला का ते ओळखायचा आकडा, तोही त्या बिघडलेल्या डेटाचाच बनतो, मग चूक पकडणार कोण? म्हणून मी ईसीसीवर कधीच तडजोड करत नाही. पण तिघांनीही ईसीसीला साथ द्यायला हवी. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीच्या कोअर प्रोसेसरना त्यासाठी डब्ल्यू६८० सारखा वर्कस्टेशन चिपसेट असलेला बोर्ड लागतो, रायझनमध्ये बोर्डवर अवलंबून असतं. डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमवर ‘ऑन-डाय ईसीसी’ लिहिलेलं असतं त्याने गोंधळू नका, ते फक्त चिपच्या आतलं, प्रोसेसरपर्यंतच्या रस्त्याचं रक्षण ते करत नाही.

आणि रॅमचे दोन प्रकार, साध्या बोर्डांची यूडिम आणि मोठ्या सर्व्हरची आरडिम, वेगळे! मी एकदा घाईत आरडिम मागवली, डीडीआर४ होती त्यामुळे स्लॉटमध्ये छान बसली पण मशीन चालूच होईना, परत पाठवावी लागली. आधी बोर्ड ठरवा, मग त्याच्या मेमरी लिस्टमधलाच पार्ट नंबर घ्या.

सुपरमायक्रो, एएसरॉक रॅक यांच्या बऱ्याच बोर्डांवर आयपीएमआय मिळतं, त्याने मॉनिटर-कीबोर्ड न लावता दुसऱ्या खोलीतून बायोससुद्धा बघता येतो, नॅस माळ्यावर असेल तर फारच सोय होते. ते पोर्ट मात्र इंटरनेटवर उघडं ठेवू नका.

पायरी ४: बाकीचं
डिस्क जोडायचे साटा पोर्ट कमी पडले तर एचबीए, म्हणजे जास्तीच्या डिस्क जोडायचं कार्ड घ्या, आयटी मोडमधलं, जे डिस्क जशाच्या तशा पुढे देतं, डिस्क स्वतःच एकत्र करणारं रेड (आरएआयडी) कार्ड नको, कारण झेडएफएसला डिस्क थेट दिसायला हव्यात. ही कार्डं सर्व्हरच्या जोरदार हवेसाठी बनवलेली असतात, साध्या कॅबिनेटमध्ये तापतात, तेव्हा समोर छोटा पंखा लावा. पॉवर सप्लाय निवडताना लक्षात ठेवा, ३.५ इंची डिस्क फिरायला लागताना २५ वॉटच्या आसपास खेचते, ८ डिस्क म्हणजे २०० वॉट एकदम. पण मशीन दिवसरात्र चालणार, आणि रिकामं बसताना १० वॉट जास्त खाल्ले तरी वर्षाला ८७ युनिटच्या वर जातात, त्यामुळे उगाच मोठा प्रोसेसर नको. यूपीएस हवाच.

पायरी ५: आल्याबरोबर तपासा
परत करायची मुदत चालू असतानाच रॅमवर रात्रभर मेमटेस्ट चालवा, प्रत्येक डिस्कवर स्मार्टची, म्हणजे डिस्कमधल्याच स्व-तपासणीची, लाँग टेस्ट आणि मग बॅडब्लॉक्स या प्रोग्रामची लिहून बघायची टेस्ट, तिने डिस्क पूर्ण पुसली जाते त्यामुळे डेटा टाकायच्या आधीच, आणि मोठ्या डिस्कला कित्येक दिवस लागतात, लागू द्या. सगळं पास झालं की प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर कागदावर लिहून ट्रेच्या पुढच्या बाजूला चिकटवा, म्हणजे उद्या एखादी गेली तर नेमकी कुठली ओढायची ते कळेल आणि चुकून चांगली डिस्क बाहेर येणार नाही.