व्हीलचेअर घेऊन खाडीवर मासे गरवायला जाताय? आधी तिथी बघा

पहिल्या खेपेला आम्ही पौर्णिमा धरली. उधाणाला मासा जास्त लागतो, असं सगळेच सांगतात. दोन गाड्या भरून चार वाजता जेट्टीवर पोचलो, तर पाणी पार खाली. धक्क्याशी नुसता चिखल आणि त्यात उड्या मारणाऱ्या निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे. व्हीलचेअरवरच्या तिघांनी त्या बघत वडापाव खाल्ले. गळ पिशवीतून निघालाच नाही.

दिवस आम्ही माशाच्या सोयीने ठरवला होता. खाडीकाठचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे ऐन उन्हात, आणि संध्याकाळी ओहोटी. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. शिवाय अष्टमी-नवमीच्या सुमारास भांग असतो, पाणी फार चढत-उतरत नाही. मासा कमी लागेल, लागू दे. दशमीला सकाळी साडेसहाला पोचा, साडेनऊला गाडीत बसा. भरतीच्या छापील वेळा बहुधा मुंबईच्या अपोलो बंदराच्या असतात. खाडीत आत पाणी उशिरा चढतं, तेवढं धरून चाला.

ऐरोली आणि वाशी पुलांमधल्या ठाणे खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तिथे गळ टाकायचा विचारच नको. नवी मुंबईत सारसोळे, दिवाळे इथे जायचं तर आधी कोळीवाड्यात जाऊन विचारा. वाळत घातलेल्या जाळ्यावरून चाक गेलं, तर पुढची ट्रिप विसरा.

जागा बघायला जाताना व्हीलचेअर वापरणारं कुणीतरी सोबत न्या. चालत्या माणसाला उतार दिसतो, उतारावरचं शेवाळ दिसत नाही. खुर्ची पाण्याकडे तोंड करून नाही, धक्क्याला समांतर लावा. ब्रेक लावून चाकाखाली वीट सरकवा. लाइफ जॅकेट प्रत्येकाला. बोटीत बसलात तर खुर्चीचा पट्टा सोडा, नाहीतर बुडताना माणूस खुर्चीसकट खाली जाईल.

संडासाची चौकशी कुणी करत नाही. मग बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि नऊ वाजता कुणाला तरी भोवळ येते. रुंद दाराचा, कमोडचा संडास किती मिनिटांवर आहे, हे निघण्याआधी मोजून ठेवा. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांचा नाश्ता गाडीतच उरका.

आणि मदतनिसांनो, हात आवरा! दृष्टी नसलेल्या एका काकांच्या गळाच्या काठीच्या टोकाला आम्ही घुंगरू बांधलं होतं. ते वाजलं, काकांनी काठी उचलली आणि आमच्या पोराने ती हातातून घेऊन बोईट मासा स्वतःच ओढला. काका म्हणाले, "मग मला आणलंस कशाला रे?" एका हाताने गरवणाऱ्यासाठी खुर्चीच्या दांड्याला पीव्हीसी पाइपचा तुकडा बांधा, काठी त्यात उभी राहते. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका, बोटात घुसला तरी सहज निघतो.

शिंगाळा मासा लागला तर मात्र मदतनिसानेच सोडवावा. पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन, हे काटे विषारी. टोचला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास हात बुडवायचा आणि डॉक्टरांना दाखवायचं. ज्याच्या हाताला संवेदना कमी आहे त्याला चटका कळत नाही, म्हणून पाण्यात आधी आपलं कोपर घालून बघा. थर्मासमध्ये चहाशिवाय साधं गरम पाणीही न्या.