लिनक्स लॅपटॉपवर केबलचे इंटरनेट बंद पडल्यास
वाय-फाय व्यवस्थित चालते आणि केबल लावूनही इंटरनेट मिळत नाही, अशा वेळी ड्रायव्हर (नेटवर्कचा भाग चालवणारा प्रोग्रॅम) पुन्हा बसवण्याची घाई करू नये. बहुतेकदा दोष त्याच्या बराच अलीकडे असतो. टर्मिनलवर (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) 'आयपी लिंक' (ip link) ही आज्ञा द्यावी. त्यात येणारे केबलच्या जोडणीचे नाव साधारणपणे 'ईएन' (en) या अक्षरांनी सुरू होते. त्या ओळीत 'नो-कॅरिअर' (NO-CARRIER) असे दिसले, तर लॅपटॉपला पलीकडून विद्युतसंकेतच मिळत नाही, म्हणजे केबल, तिची खटकी तुटलेली पिन किंवा राउटरचे पोर्ट यांपैकी काहीतरी बिघडले आहे, आणि सेटिंग्जमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग होणार नाही.

जोडणी आहे पण वेग रखडतो, अशी तक्रार असेल तर 'एथटूल' (ethtool) आज्ञेपुढे जोडणीचे नाव देऊन 'स्पीड' (Speed) ही ओळ पाहावी. गिगाबिट (सेकंदाला १००० मेगाबिट वेगाचे) पोर्ट असूनही तेथे १००० ऐवजी १०० दिसत असेल, तर पहिला संशय केबलवर घ्यावा, कारण गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात, तर १०० मेगाबिटला दोनच पुरतात. उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार तुटली तरी काम चालू राहते आणि दोष लपून राहतो.

जोडणी व वेग दोन्ही ठीक असतील, तर 'आयपी अ‍ॅड्रेस' (ip address) आज्ञेने लॅपटॉपचा नेटवर्कवरील पत्ता तपासावा. तो नसेल किंवा १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही, म्हणून नेटवर्कमॅनेजरमधून (लिनक्सवर जोडण्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममधून) ती जोडणी बंद करून पुन्हा सुरू करावी. राउटरला आणि ८.८.८.८ या इंटरनेटवरील पत्त्याला पिंग (उत्तर येते का हे पाहणारा चाचणी संदेश) जाते, मात्र संकेतस्थळे उघडत नाहीत, तेव्हा डीएनएसची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणाऱ्या सेवेची, नोंद तपासावी.