काळी एकमध्ये गाणारी बाई: ट्रान्स आहात आणि गायचंय तर आधी हे करा

मी ग्वाल्हेरची, लष्कर भागातली. घरात मराठी, गल्लीत हिंदी. ट्रान्स बाई आहे, म्हणजे जन्मल्यावर मुलगा म्हणून नोंदलेली, ख्याल आणि नाट्यसंगीत गाते, आणि माझा आवाज जाड आहे, अजूनही. पोरंपोरी विचारायला लागलीत की ताई आता गाणं सोडावं लागेल का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी हॉर्मोन्सचं. इस्ट्रोजेननं, म्हणजे बायकी हॉर्मोननं, आवाज बारीक होत नाही. वयात येताना स्वरतंतू लांब आणि जाड झाले की झाले, गोळीनं परत पातळ होत नाहीत, मी पण दोन वर्षं वाट बघितली, फुकट गेली. आणि ट्रान्स मुलगा असशील, टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हॉर्मोन, चालू करणार असशील तर उलटं, आवाज खाली उतरणार आणि नंतर औषध बंद केलं तरी तो वर यायचा नाही, तेव्हा डॉक्टरला पहिल्याच दिवशी सांग की मी गातो. आणि मनानं डोस घेऊ नकोस. आवाज उतरत असतो त्या काळात तार सप्तकाच्या, म्हणजे वरच्या सुरांच्या, नादी लागायचं नाही, रोज 15-20 मिनिटं मधल्या सप्तकात साधे पलटे, म्हणजे सुरांचे ठरलेले क्रम, आवाज चिरकला की उठायचं. परदेशात होल्डन मॅडागेम म्हणून ऑपेरा गायक आहे, आधी मेझो-सोप्रानो, म्हणजे बाईचा मधला आवाज होता, टेस्टोस्टेरॉननंतर टेनर, म्हणजे पुरुषाचा वरचा आवाज झाला. म्हणजे होतं, पण नव्यानं शिकावं लागतं.

आता सा, म्हणजे ज्या सुरावर सगळं गाणं उभं राहतं तो. काळी एक, काळी चार म्हणजे सा पेटीच्या कितव्या काळ्या पट्टीवर धरलाय ते. जुनी पट्टी विसरा आणि सोशल मीडियावरचं ‘लेडीज स्केल काळी चार’ पण विसरा. सकाळी, घसा थोडा मोकळा झाल्यावर, पेटीवर एकेक पट्टी खाली उतरत जा, जिथपर्यंत ‘आ’ स्वच्छ लागतो, घरघर येत नाही, तो सूर धरा. तो तुमचा मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, समजा आणि त्यावरनं सा काढा. म्हणजे खालची काळी चार स्वच्छ लागत असेल तर सा येतो काळी एक. मग वर जाऊन बघा, तार गंधार, म्हणजे वरच्या सप्तकातला ग, ताण न देता लागला पाहिजे. नाही लागला तर अर्धा सूर खाली या, लाज कसली. फोनवर रेकॉर्ड करा, आठ दिवस हेच करा, एका दिवसात ठरवू नका कारण सर्दीत सगळंच बदलतं. खोट्या आवाजात काळी चार गाऊन मी एका महिन्यात घसा बसवून घेतला होता, वर आलापात दम राहीना, तान तर बाजूलाच राहिली. बोलण्याचा आवाज वेगळा ठेवायचा असेल तर ठेवा, स्पीच थेरपिस्टकडं त्याचं वेगळं शिकता येतं, गाण्याचा सा त्यात मिसळू नका.

हे आपल्याकडं सोपं आहे बरं का. ऑपेरात सूर लिहून दिलेला असतो आणि भूमिका आवाजाच्या जातीवर बांधलेल्या असतात. लुसिया लुकास ही अमेरिकन ट्रान्स गायिका बॅरिटोन, म्हणजे पुरुषी जाड आवाजाची आहे, 2019 मध्ये टल्सा ऑपेरात तिनं डॉन जोव्हानी केला, म्हणजे चक्क पुरुषाची भूमिका, कारण आवाज तिथला. आपण सा कुठंही ठेवतो, राग तोच राहतो. गंगूबाई हनगलांचा तो जाड, भारदस्त आवाज आठवा की.

पण तबला! माझ्या बदललेल्या नावानं पहिला कार्यक्रम होता, गणपतीत, एका मंडळाचा. आयोजकांनी तबलजींना फक्त नाव सांगितलं, त्यांनी बाईंचं नाव ऐकून छोट्या तोंडाचा, वरच्या पट्टीचा दायाँ, म्हणजे उजव्या हाताचा तबला, आणला. मी बसले काळी एकला. तो तबला काही तेवढा उतरेना, हातोडी ठोकून ठोकून बिचारे घामाघूम, समोर लोक चहा प्यायला उठले. तेव्हापासून माझा नियम: बोलणी करतानाच पट्टी सांगायची, तबलजीला स्वतः फोन करायचा. ‘गाना जेंट्स है या लेडीज?’ असं विचारलं की उत्तर एकच, ‘काली एक.’ तानपुरा पण मोठा, खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची, तार जाड.

काय गायचं? नाट्यपदं गा. 1916 च्या ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी बालगंधर्वांनी केली, चाली भास्करबुवा बखल्यांच्या, म्हणजे बाईची पदं पुरुषी गळ्यात शंभर वर्षं आधीच बसलेली आहेत. फक्त बालगंधर्वांना ट्रान्स म्हणत सुटू नका, ती भूमिका होती, आपलं हे आयुष्य आहे. काकू लोकांना मात्र हे उदाहरण लगेच पटतं, मी वापरते.

मग येतं राजकारण, आपण नाही म्हटलं तरी येतं. आपल्याच मध्य प्रदेशात तृतीयपंथी शबनम मौसी सोहागपूरच्या आमदार होत्या, 2003 पर्यंत विधानसभेत. आणि कटनीला तशाच तृतीयपंथी कमला जान महापौर झाल्या तर कोर्टानं निवडणूकच रद्द केली, का तर जागा महिलांसाठी राखीव आणि कोर्टाच्या हिशोबानं त्या पुरुष. तबलजीचं आणि कोर्टाचं एकच, आधी माणसाचा कप्पा ठरवायचा. सुप्रीम कोर्टानं तिसरं लिंग मानलं ते 2014 मध्ये. तेव्हा निवडणुकीच्या दिवसांत कोणत्याही पक्षाचं बोलावणं आलं की आधी विचारा, गायला बोलावताय की स्टेजवर उभं करायला. मानधन आधी घ्या, निदान अर्धं. गाण्याआधी दोन मिनिटं माईक मागा आणि वॉर्डातलं एकच काम बोला, दवाखाना, भाड्याची खोली, जे अडलंय ते. भाषण लांबवू नका, लोक गाण्यासाठी बसलेले असतात.

आणि हो, ग्वाल्हेरातच हजिऱ्याला तानसेनच्या कबरीपाशी चिंचेचं झाड आहे, त्याचा पाला चावला की गळा गोड होतो असं तुम्हाला सगळे सांगतील. मी चावला. आंबट होता, दुसऱ्या दिवशी घसा धरला. कोमट पाणी प्या.