पर्यायाचे डीफॉल्ट मूल्य स्पष्ट कसे लिहावे

कमांड-लाइन साधनाच्या, म्हणजे आज्ञा टाइप करून चालवायच्या प्रोग्रॅमच्या, मॅन्युअलमध्ये पर्यायापुढे नुसते ‘डीफॉल्ट’ लिहू नये, कारण पर्याय मुळीच दिला नाही तर काय घडते आणि तो दिला पण मूल्य दिले नाही तर काय घडते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोर्स कोडपासून प्रोग्रॅम तयार करणाऱ्या ग्नू मेक या साधनात एका वेळी किती कामे चालवायची हे ‘-जे’ (-j) पर्याय ठरवतो; तो वगळला तर एका वेळी एकच काम चालते. आकड्याशिवाय दिला तर मात्र कामांच्या संख्येवर मर्यादाच राहत नाही, आणि मोठ्या प्रकल्पात त्यामुळे संगणकाची मेमरी संपू शकते. म्हणून दोन्ही स्थिती स्वतंत्र वाक्यांत लिहाव्यात, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मूल्य कॉन्फिगरेशन फाइलमधूनही (सेटिंग साठवणाऱ्या फाइलमधूनही) येत असेल, तर त्या फाइलला की पर्यायाला, प्राधान्य कोणाला तेही सांगावे. लिहिण्यापूर्वी साधन प्रत्यक्ष चालवून पाहावे आणि आकडा थेट द्यावा, जसे फाइलचा आकार लहान करणाऱ्या जीझिप या साधनाची डीफॉल्ट संक्षेप पातळी ६.